कोकणचा कॅलिफोर्निया, पण नेमका कुठला?

"कोकणचा कॅलिफोर्निया करू!" हे वाक्य पहिल्यांदा कधी ऐकलं ते आता आठवत नाही. माझं आजोळ गुहागर तालुक्यात, जयगडच्या खाडीच्या अलीकडे. दर मे महिन्यात तिकडे मुक्काम असायचा आणि निवडणुकीचं वर्ष असलं की हे आश्वासन हमखास कानावर यायचं. पक्ष बदलायचे, वाक्य तेच. त्या वयात मला कॅलिफोर्निया ही नळपाणी योजनेसारखी एखादी सरकारी योजना वाटायची; दरवेळी मंजूर होते, गावापर्यंत मात्र पोचत नाही. आंब्याला भाव, पोरांना गावातच नोकरी, डांबरी रस्ता, दिवसभर वीज... ज्याला जे कमी पडत असेल ते त्या एका शब्दात कोंबलेलं असायचं.

पुढे सॉफ्टवेअरच्या कृपेने खऱ्याच कॅलिफोर्नियात येऊन पडलो. सनीवेलमध्ये. आता सनीवेलचं काय सांगू? ऑफिसं, ऑफिसांची पार्किंग, भारतीय किराण्याची दुकानं आणि न परवडणारी घरं. यातलं काही उचलून आजोळी न्यावं असं मला तरी अजून सापडलेलं नाही. पण कोकणाच्या शेजारी ठेवून बघता येईल असाही एक कॅलिफोर्निया आहे. आमच्यापासून अडीच-तीन तासांवर, मॉन्टेरेच्या खाली. बिग सर म्हणतात त्या भागाला. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला थेट पाण्यात उतरणारा डोंगर आणि मधून एकच रस्ता, हायवे वन. वाक्यात "कोकण" हा शब्द घालून बघा, भूगोल जवळपास जुळतो.

मे महिन्यातल्या लाँग वीकएंडला आम्ही तिथे जाऊन आलो. मी, बायको, आमचा एक पुणेकर मित्र आणि त्याची बायको. मुक्कामाचं ठिकाण ज्युलिया फायफर बर्न्स स्टेट पार्क. या पार्कात मॅकवे धबधबा आहे, जो सरळ समुद्रकिनाऱ्यावर पडतो. तुम्ही फोटोत पाहिला असणारच, कुणाच्या ना कुणाच्या वॉलपेपरवर असतोच. प्रवासवर्णन लिहायचा माझा विचार नाही, ती नेटवर पोत्याने आहेत. मला त्या दिवसभरात जे दिसलं (खरं तर जे दिसलं नाही) त्याबद्दल बोलायचं आहे.

मॉन्टेरे पटकन सोडून देऊ. छान आहे, महाग आहे, मत्स्यालय बघण्यासारखं आहे. त्याच्या खाली सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह लागतो. हा खाजगी रस्ता आहे. तिकीट काढून आत जायचं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोल्फची मैदानं आणि कोट्यवधी डॉलरचे बंगले. आपल्याकडच्या भाषणांतला कॅलिफोर्निया बहुधा हाच असावा. पुणेकर मित्र म्हणाला, "बघ, याला म्हणतात डेव्हलपमेंट." आम्ही आत शिरलो नाही. तो त्यामुळे कार्मेलपर्यंत जरा घुश्शात होता.

कार्मेलच्या पुढे चार मैलांवर पॉइंट लोबोस. सायप्रसची वाकडीतिकडी झाडं, सील माशांचं (मासे नाहीत ते, पण आपण म्हणतो) ओरडणं, खडकांवर फुटणाऱ्या लाटा. सकाळी लवकर गेलात तरच गाडी लावायला जागा मिळते. आम्हाला मिळाली. पण मला तिथली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. १८९० साली याच जमिनीवर एक गाव आखलं गेलं होतं. कार्मेलिटो नावाचं. कागदावर शेकडो प्लॉट पाडले आणि त्यातले कितीतरी विकलेसुद्धा. १८९८ साली अलेक्झांडर ॲलन नावाच्या माणसाने इथली मोठी जमीन घेतली आणि नंतर तो आणि त्याचं कुटुंब ते विकले गेलेले प्लॉट एकेक करून परत विकत घेत बसले. १९३३ साली ती जागा राज्याकडे आली. म्हणजे आज आपण तिकीट काढून ज्या रानात फिरतो, तो एक रद्द झालेला लेआउट आहे. प्लॉट पाडणारे आपण खूप पाहिलेत. पाडलेले प्लॉट पुसणारा मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यानंतर रस्ता खरा सुरू होतो. तुम्ही वरंध घाटातून गाडी चालवली असेल तर वळणांचं काही वाटणार नाही. फक्त इथे खाली दरीऐवजी पॅसिफिक आहे. मोबाइलची रेंज गेली आणि गाडीतले चारही जण एकदम एकमेकांशी बोलायला लागले, हा एक फायदा. हा रस्ता १९३७ साली पूर्ण झाला. त्याआधी दीडेक दशक काम चाललं होतं आणि त्यात सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी राबले, दिवसाला ३५ सेंट मजुरीवर. मधला बिक्सबी पूल १९३२ सालचा. एकच काँक्रीटची कमान, खाली सुमारे २६० फूट खोल खाडी. पुलाजवळ नुसती झुंबड उडालेली. गाड्या वेड्यावाकड्या लावलेल्या, सेल्फी काढणारे लोक रस्त्याच्या मधोमध. सार्वजनिक शौचालय नाही, त्यामुळे काय होत असेल ते सुज्ञांनी ओळखावं. या बाबतीत दोन्ही किनारे आताच सारखे आहेत, कुठल्याही योजनेची गरज नाही :)

इथेच आमच्या गाडीत वादाला तोंड फुटलं. समोर गाड्यांची रांग, आम्ही अर्धा तास मुंगीच्या पावलांनी चाललेलो. मित्र म्हणाला, "च्यायला, एवढा श्रीमंत देश आणि अजून दोन लेन? इकडचा डोंगर थोडा कापला असता तर चार झाल्या असत्या."

गंमत म्हणजे हा विचार त्याच्याआधी बऱ्याच जणांना सुचून गेलाय. १९५०-६० च्या काळात या रस्त्याचा फ्रीवे करायचे बेत होते. अमेरिकेत तेव्हा फ्रीवेची लाट होती, पैसा होता, यंत्रं होती. इथल्या लोकांनी विरोध केला. फ्रेड फार हा तिथला स्टेट सिनेटर त्यांच्या बाजूने उभा राहिला. निसर्गरम्य रस्त्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९६५ साली हायवे वनचा हा तुकडा राज्याचा पहिला 'सीनिक हायवे' ठरला. म्हणजे दोन लेन या गरिबीने किंवा आळसाने राहिलेल्या नाहीत. दोन लेन हा निर्णय आहे.

आणि खरी मजा त्याच्या पुढे आहे. बिक्सबी मागे टाकलं की मैलोनमैल तुम्हाला बांधकाम जवळजवळ दिसत नाही. हॉटेलांची रांग नाही, होर्डिंग नाही, 'सी व्ह्यू'वाले बंगले तुरळक आणि तेही जुने. मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं, जागाच अवघड, कोण बांधणार? पण अवघड जागी बांधायला माणूस घाबरत नाही, हे माथेरानपासून मसुरीपर्यंत सिद्ध झालेलं आहे. इथे कारण निराळं आहे. १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदान करून किनाऱ्यासाठी आयोग नेमायला लावला. १९७६ साली त्याचा कायमचा कायदा झाला. त्या कायद्याखाली मॉन्टेरे काउंटीने बिग सरचा आराखडा केला, तो १९८६ साली मंजूर झाला. त्यातला मुख्य नियम एका ओळीत सांगता येतो: हायवे वनवरून जे दिसेल असं नवीन बांधकाम करायचं नाही. (थोडे अपवाद आहेत, पण गाभा हा.)

सॉफ्टवेअरवाल्याला आवडावा असा नियम आहे हा. उंची किती, मजले किती, समुद्रापासून मीटर किती, असले आकडे नाहीत. टेस्ट एकच. रस्त्यावर उभं राहा आणि बघा. दिसतंय? मग नाही. ज्यांची अख्खी जमीनच नजरेच्या टप्प्यात येते त्यांचं काय? त्यांना बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरायची सोय ठेवली आहे. म्हणजे चक्क टीडीआर! मुंबईत टीडीआर म्हटलं की मला उपनगरातले टॉवर आठवतात. तीच कल्पना इथे एक डोंगरउतार मोकळा ठेवायला वापरली आहे.

असो. दुपारी दोनच्या सुमारास पार्कात पोचलो. गाडी लावून पायवाटेने निघायचं, हायवेच्या खालून एका छोट्या बोगद्यातून जायचं आणि पलीकडे निघालं की एकदम ते दृश्य. ८० फुटांचा धबधबा, खाली पिवळसर पुळण, पाण्याचा रंग गडद हिरवा-निळा. पुळणीवर एक पाऊल उमटलेलं नाही, कारण खाली जायला बंदी आहे. आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी व्यक्ती म्हणजे मित्राची बायको. ती म्हणाली, "हे खोटं वाटतंय." मला ते फार पटलं, कारण एका अर्थी ते आहेच. १९८३ पर्यंत हा धबधबा सरळ समुद्रात पडत होता. त्या वर्षी उत्तरेकडच्या उतारावर मोठी दरड कोसळली, तिची माती समुद्राने आणून इथे टाकली आणि ही पुळण तयार झाली. म्हणजे जगभरातल्या वॉलपेपरवरचा 'अनादि' किनारा माझ्या मोठ्या चुलतभावाच्या वयाचा आहे.

आणि त्या कड्यावर, धबधब्याच्या अगदी समोर, एक घर होतं. माजी काँग्रेस सदस्य लॅथ्रॉप ब्राउन आणि त्याची बायको हेलन यांचं. जगातल्या सर्वोत्तम सी व्ह्यूच्या यादीत सहज बसेल अशी जागा. १९६१ साली हेलनने ती सगळी मालमत्ता राज्याला दिली. अट एक, पार्कला आपल्या मैत्रिणीचं, ज्युलिया फायफर बर्न्सचं नाव द्यायचं. ज्युलिया त्या भागात गुरंढोरं सांभाळून राहणारी बाई. अट दुसरी, घराचं संग्रहालय करा, नाहीतर पाडून टाका. संग्रहालयाला पैसे उभे राहिले नाहीत. १९६५ साली घर पाडलं. आता तिथे चौथऱ्याचे अवशेष आणि ब्राउन दांपत्याने आणून लावलेली ताडासारखी झाडं उरली आहेत. देणगी दिली की पाटीवर आपलं नाव, कोनशिलेवर आपलं नाव, ही आपली सवय. या बाईने नाव दिलं मैत्रिणीचं आणि घर दिलं पाडायला.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर "अमेरिका बघा किती शहाणी" छापाचा लेख झाला असता. पण या मोकळेपणाचं बिल कुणीतरी भरतंय आणि ते भरणारे आमच्यासारखे एका दिवसाचे पाहुणे नाहीत.

पहिलं म्हणजे ही जागा मुळात रिकामी नव्हतीच. एसेलेन लोक इथे हजारो वर्षं राहत होते. स्पॅनिश मिशन आल्यावर ते आपल्या डोंगरांतून उठवले गेले. २०२० साली, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनी, त्यांच्या एका संस्थेला लिटल सर नदीकाठची ११९९ एकर जमीन परत मिळाली. दुसरं, जिथे नवीन घर बांधता येत नाही तिथे हॉटेलात पलंगाच्या चादरी बदलणारा राहणार कुठे? त्याला जागाच मिळत नाही. काही जण गाडीत झोपतात, काही तासभर गाडी चालवून येतात. आणि तिसरं म्हणजे दरडी. २०१७ च्या फेब्रुवारीत पावसाने फायफर कॅन्यनचा पूल खचला आणि गावाचे दोन तुकडे झाले. शाळेची मुलं, कामावर जाणारी माणसं यांच्यासाठी जंगलातून पायवाट काढली. पलीकडे हेलिकॉप्टरने सामान टाकलं. नवा पूल यायला ऑक्टोबर उजाडला. त्याच वर्षी २० मे रोजी आणखी दक्षिणेला मड क्रीकपाशी अख्खा डोंगर समुद्रात गेला आणि तिथला रस्ता २०१८ च्या जुलैपर्यंत बंद होता. खर्च ५ कोटी ४० लाख डॉलर, तेही दोन लेनच्या एका छोट्या तुकड्यासाठी. २०२३, २०२४, पुन्हा दरडी, पुन्हा बंद.

हे मी मामाला फोनवर सांगत होतो. मामाला रत्नागिरीला सिव्हिलला जायचं तर तवसाळहून फेरीबोटीने जयगड हा जवळचा रस्ता. रात्री फेरी बंद. मग सगळा वळसा. दोन वर्षांपूर्वी मामीला रात्री अकरा वाजता छातीत दुखायला लागलं तेव्हा तो वळसा त्यांनी घातलाय. (मामी ठणठणीत आहे.) मी त्याला बिग सरच्या त्या नियमाचं कौतुक सांगत होतो, तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "अरे, ता सगळा खरा. पण आमचो पूल कधी होताहा ता सांग."

रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर खाड्यांवरचे पूल व्हायचे आहेत, त्यात जयगडची खाडीही आहे. हे पूल व्हावेत असं माझं स्पष्ट मत आहे. "फेरीतून जाण्यात काय मजा आहे" असं म्हणणारे आमच्यासारखे वर्षातून एकदा जाणारे. मामीला त्या रात्री मजेशी देणंघेणं नव्हतं. कोकण बिग सर नाही. तिथे किनाऱ्यावर वाड्या आहेत, कोळीवाडे आहेत, माडाच्या बागा आहेत. कोळ्याचं घर समुद्राला लागूनच असणार, ते रस्त्यावरून दिसणारच आणि ते दिसावंच.

पण पूल वेगळा आणि पुलामागून येणारी रांग वेगळी. पूल, दोन लेन, चांगलं डांबर, दरडीला धरून ठेवणाऱ्या भिंती आणि रात्री चालू असणारा दवाखाना. एवढं केलं तर गावाचं भागतं. त्यापुढे जे होतं ते गावासाठी होत नाही. आपल्याकडे किनाऱ्याचा कायदा नाही असं नाही. १९९१ सालापासून सीआरझेड आहे. फक्त त्याची दिशा बघा. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. आणि मीटरमध्ये मोजणारा कायदा सड्यावर चढतच नाही. समुद्रापासून अर्धा किलोमीटर आत, दीडशे फूट उंच जांभ्याच्या सड्यावर जेसीबी फिरतो, तो सीआरझेडच्या बाहेर असतो आणि पाच मैलांवरून दिसत असतो.

तो जेसीबी कुणासाठी फिरतो? तर आपल्यासाठी. पुण्या-मुंबईचे, हिंजवडीचे, बे एरियाचे. व्हॉट्सॲपवर जाहिराती येतातच तुम्हालाही: क्लिअर टायटल, एनए प्लॉट, सी व्ह्यू, प्रस्तावित सागरी महामार्गापासून पाच मिनिटं. त्या जाहिरातीतला "प्रस्तावित" हा शब्द मामाच्या पुलाचाच आहे. मामा पूल मागतो दवाखान्यासाठी आणि त्याच पुलाच्या नावावर त्याच्या गावचा सडा गुंठ्यांनी विकला जातो. सातबाऱ्यावर नाव आलं की मतही मोजलं जाणार नाही आणि पाणीही गावच्याच विहिरीचं लागणार. बिग सरच्या लोकांनी सगळंच बरोबर केलं असं नाही, पण तिथे राहणाऱ्यांनी एकत्र बसून आराखड्यावर वर्षानुवर्षं भांडण तरी केलं. आमच्या आजोळी अशी एकही सभा झाल्याचं मामाला आठवत नाही.

परतताना अंधार पडला होता. धुकं रस्त्यावर आलं होतं आणि मैलोनमैल एक दिवा नव्हता. पुणेकर मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्याने सांगितलं की दापोलीकडे सड्यावर त्याने एक प्लॉट बघून ठेवलाय. पाच गुंठे, टोकन अजून दिलेलं नाही. मी विचारलं, "रस्त्यावरून दिसतो का?"

"ते ब्रोशरमध्ये नव्हतं," तो म्हणाला.

डिसेंबरात आम्ही दोघंही भारतात आहोत. प्लॉट बघायला जायचं ठरलंय. आधी खाली बंदरावर उभं राहून, आणि मग एजंटच्या गाडीतून वर.